सतरा एकरांची वाईन

पश्चिम फ्रान्समध्ये आंझे शहराच्या नैर्ऋत्येला पंधरा-एक किलोमीटरवर साव्हनिएर नावाचं छोटं गाव आहे, लुआर नदीच्या उजव्या काठावर. तिथे एक ओढा टेकडी कापत नदीकडे उतरतो. त्या ओढ्याकाठच्या उतारावर द्राक्षाची जी बाग आहे तिचं नाव ‘कुले द सेरां’. क्षेत्र जेमतेम सात हेक्टर, म्हणजे आपल्या मोजणीने सतरा एकर. निफाड, दिंडोरी किंवा तासगावच्या एखाद्या मोठ्या बागायतदाराकडे एवढी बाग सहज निघेल. पण या सतरा एकरांना फ्रान्सच्या कायद्यात स्वतःचं स्वतंत्र नामांकन आहे. आपल्याकडे ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालं, तशातलंच हे, फक्त आपल्याकडे जे एका मोठ्या टापूला मिळालं, ते इथे एका मालकाच्या एका उताराला मिळालेलं आहे. द्राक्षाची जातही एकच, शेनिन ब्लाँ. तिची वाईन पांढरी आणि कोरडी होते. रसातली जवळजवळ सगळी साखर आंबवणीतच संपलेली असते.

सिस्टर्सियन पंथाच्या संन्याशांनी ११३० च्या सुमारास या उतारावर द्राक्ष लावलं असं तिथला इतिहास सांगतो, आणि तेव्हापासून इथे द्राक्षाचंच पीक आहे. भिल्लम यादवाने देवगिरी वसवली ती यानंतर पन्नासेक वर्षांनी. शेजारच्या बागेचं नाव रोश ओ मुआन, म्हणजे संन्याशांचा खडक. तिथल्या किल्ल्याला १२१४ साली इंग्लंडच्या जॉन राजाने वेढा घातला होता. फ्रान्सचा युवराज लुई चालून आला आणि जॉनला वेढा उठवून पळावं लागलं. विसाव्या शतकात क्युर्नोन्स्की या टोपणनावाने गाजलेल्या खाद्यलेखकाने फ्रान्सच्या पाच सर्वश्रेष्ठ पांढऱ्या वाईन निवडल्या. शातो दिकेम, माँराशे, शातो ग्रिये, शातो शालाँ आणि पाचवी ही. क्युर्नोन्स्की मूळचा आंझेचाच, तेव्हा जन्मगावाचा जिव्हाळा त्या निवडीत असणारच. तरी उरलेल्या चार नावांकडे पाहिलं की या सतरा एकरांना कोणत्या पंगतीत बसवलं होतं ते कळतं.

एवढं नाव असूनही ही बाग मधल्या काळात हातची जाण्याच्या बेतात होती. ती कशी सावरली, त्यासाठी काय केलं गेलं, आणि त्यातलं किती खरं मानायचं, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. याच शेनिन ब्लाँच्या हजारो वेली आज आपल्या नाशिक जिल्ह्यात उभ्या आहेत, म्हणून तर जास्तच.

जोली कुटुंबाने ही इस्टेट १९६२ साली घेतली. मुलगा निकोला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात व्यवस्थापन शिकला आणि जे. पी. मॉर्गन बँकेत न्यूयॉर्कला व लंडनला नोकरीला लागला. १९७७ मध्ये नोकरी सोडून तो घरी परतला. तोवर बाग आई पाहत होती. मग कृषी खात्याचे सल्लागार आले. आईंची पद्धत चांगली पण जुनी आहे, तणनाशक मारलं तर मजुरीचा मोठा खर्च वाचेल, असं त्यांनी सांगितलं. बँकेतून आलेल्या माणसाला हा हिशेब पटायला वेळ लागला नाही. पुढचं निकोला जोली यांनी अनेकदा सांगितलं आहे आणि लिहिलंही आहे: दोनच वर्षांत मातीचा रंग बदलला, ढालकिडे दिसेनासे झाले, तित्तिर पक्षी गेले. त्याच सुमारास त्यांच्या हाती बायोडायनॅमिक शेतीवरचं एक पुस्तक पडलं. १९८० च्या आसपास त्यांनी थोड्या भागावर प्रयोग सुरू केला आणि १९८४ पर्यंत सगळी बाग त्या पद्धतीवर आणली.

ही पद्धत काय आहे ते नीट सांगायला हवं, कारण तिच्याबद्दल भाबडेपणाने बोललं जातं किंवा तुच्छतेने. १९२४ च्या जूनमध्ये ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांनी कोबरव्हिट्झ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या कोबिएझित्से गावी, शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्यानं दिली. रासायनिक खतांनी जमिनीचा कस आणि बियाण्याची ताकद उतरते आहे ही त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. श्टायनर स्वतः शेतकरी नव्हते. त्यांनी शेताला एक सजीव देह मानलं. जनावरं, चारा, खत, पीक हे सगळं शक्यतो त्याच शिवारातलं असावं, बाहेरून काही आणावं लागू नये, असं त्यांचं सांगणं होतं. सोबत त्यांनी काही तयाऱ्या सुचवल्या, त्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात.

त्यातली पाचशे क्रमांकाची तयारी आपल्या शेतकऱ्यांना ‘शिंगखत’ या नावाने ठाऊक आहे. व्यालेल्या गाईचं शिंग घ्यायचं, बैलाचं चालत नाही. त्यात ताजं शेण ठासून भरायचं आणि थंडीच्या तोंडावर शिंगं जमिनीत पुरायची. वसंतात उकरली की आतलं शेण काळपट, भुसभुशीत झालेलं असतं. शेणाचा वास पार गेलेला असतो, राहतो तो पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. हेक्टरी साधारण शंभर ग्रॅम खत तीसेक लिटर कोमट पाण्यात टाकून तासभर ढवळायचं. काठी एका दिशेने फिरवत राहायची, पाण्यात खोल भोवरा झाला की एकदम उलट फिरवायची, पाणी खळबळून उठतं, पुन्हा नवा भोवरा. हे हाताने तासभर करणाऱ्याचे खांदे भरून येतात. मग दिवस कलताना ते पाणी जमिनीवर शिंपडायचं. पाचशे एक क्रमांकाच्या तयारीत शेणाऐवजी गारगोटीची वस्त्रगाळ पूड शिंगात भरून ती उन्हाळाभर पुरतात. ती हेक्टरी चिमूट-दोन चिमूट लागते आणि पहाटे पानांवर फवारतात. बाकी तयाऱ्या कॅमोमाइल, खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल, ओकची साल अशा वनस्पतींच्या असतात, त्या कंपोस्टच्या ढिगात घालतात.

महाराष्ट्रात हे अनोळखी नाही. न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर नव्वदच्या दशकात भारतात आले आणि पुढे अनेक वर्षं येत राहिले. त्यांच्यासारख्यांच्या शिबिरांतून शिंगखत आणि सीपीपी कल्चर, म्हणजे खड्ड्यात मुरवलेलं शेणाचं विरजण, आपल्याही शेतांत पोहोचलं. जीवामृत करणाऱ्याला शेण आणि माती यांच्या नात्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

आता प्रश्न येतो तो पुराव्याचा. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून एक दीर्घ प्रयोग चालू आहे. त्यात बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी शेजारी करून मोजली जाते. त्याचे एकवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक वाफ्यांचं उत्पादन सुमारे वीस टक्क्यांनी कमी होतं, पण खतं आणि ऊर्जा यांचा खर्च एक तृतीयांश ते निम्म्याने कमी लागला होता, आणि मातीतली जीवसृष्टी भरघोस होती. म्हणजे सेंद्रिय शेती मातीला मानवते, याला भक्कम आधार आहे. पण शिंगखतामुळे वेगळं काही होतं का? कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो भागात एका द्राक्षबागेत साध्या सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक पद्धतीची तुलना झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या सहा वर्षांत मातीच्या गुणवत्तेत फरक आढळला नाही; द्राक्षांच्या घटकांत काही थोडे फरक दिसले, एवढंच. चंद्र कोणत्या राशीत आहे हे पाहून छाटणी करावी, ग्रहांच्या शक्ती शिंगातून जमिनीत उतरतात, या बायोडायनॅमिक मंडळींच्या म्हणण्याला मला कुठेही आधार सापडलेला नाही, आणि सापडेपर्यंत मी ते मानणार नाही.

तरीही जोली यांचं काम मी मोलाचं मानतो. त्याचं कारण त्यांच्या युक्तिवादात आहे. तो युक्तिवाद असा: १९३५ मध्ये फ्रान्सने वाईनच्या नामांकनाचा कायदा केला तो जागेला मान देण्यासाठी. जागा म्हणजे माती, उतार, ऊन, वारा, पाऊस. तणनाशकाने माती मेली की मुळं खोल जाईनाशी होतात. मग वरून खत द्यावं लागतं, खताने वेल पाणी ओढते, पाण्याने फुगलेल्या वेलीवर बुरशी येते, बुरशीसाठी आंतरप्रवाही औषध येतं. शेवटी जे द्राक्ष हाती येतं त्यात त्या जागेचं काही उरत नाही. उरलेलं काम तळघरात होतं. पाकिटातलं यीस्ट हवा तो सुवास देतं, नव्या ओकचं पिंप हवी ती गोडसर झाक देतं. बाटलीवर मात्र जागेचं नाव तसंच छापलेलं असतं. हे ग्राहकाला फसवणं आहे, असं जोली ठासून सांगतात. १९९७ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि २००१ मध्ये समविचारी उत्पादकांची ‘रनेसांस देझ आपेलास्याँ’ ही संघटना उभी केली.

यातला एक दुवा मला कच्चा वाटतो. कुले द सेरांच्या जमिनीत शिस्ट जातीचा थराथरांचा खडक आहे आणि त्यात गारगोटीचे तुकडे. वर मातीचा थर पातळ. या वाईनमध्ये खडकाची चव उतरते असं रसिक म्हणतात. भूशास्त्रज्ञ ते मान्य करत नाहीत. दगडातली खनिजं वेलीतून पेल्यापर्यंत चव कळेल इतक्या प्रमाणात येत नाहीत. खडक काम करतो ते दुसऱ्या वाटेने. पाणी झटकन निचरून जातं, दिवसा दगड तापतो आणि रात्री ऊब देतो, अन्न बेताचंच मिळाल्याने वेल पालेभारी न होता मोजके, लहान मण्यांचे घड देते. म्हणजे जागेचा परिणाम खरा आहे, त्याचं स्पष्टीकरण फक्त वेगळं आहे.

बागेत काय केलं जातं ते पाहिलं की हे अधिक पटतं. चढ इतका उभा आहे की काही भागात ट्रॅक्टर चालत नाही, तिथे घोडा नांगराला जुंपतात. इस्टेटीवर नांतेझ जातीच्या गाई आहेत. ही जात एकेकाळी नामशेष व्हायला आली होती. त्यांच्या शेणाचंच कंपोस्ट होतं. मेलेल्या वेलीच्या जागी रोपवाटिकेतला एकच क्लोन सगळीकडे न लावता बागेतल्याच जुन्या, निवडक वेलींच्या काड्या घेतात. उत्पादन हेक्टरी वीस ते पंचवीस हेक्टोलिटरच्या घरात ठेवलं जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर एकरी दीड टनाच्या आतबाहेर द्राक्ष. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाची बाग एकरी दहा टनांच्या आसपास माल देते. दीड टनावर बाग चालवायची म्हणजे प्रत्येक घडाला किंमत आली पाहिजे, आणि ती येते ती त्या सतरा एकरांच्या नावामुळेच.

काढणीही एका दमात होत नाही. तीन-चार आठवड्यांत तोडणीवाले त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा जातात आणि दर फेरीला फक्त पिकलेले, सोनेरी झालेले घड घेतात. शेनिन ब्लाँ जात अशी की एकाच वेलीवर हिरवट आणि पूर्ण पिकलेले घड एकत्र लोंबत असतात. काही मणी सुरकुतलेले, उपकारक बुरशी लागलेलेही येतात. रस तळघरात बागेतूनच आलेल्या यीस्टवर आंबतो, जुन्या लाकडी पिंपांत, नव्या लाकडाचा वास लागू न देता.

होणारी वाईन पहिल्या घोटाला अनेकांना कोड्यात टाकते. रंग पिवळाधमक, जवळजवळ जुन्या सोन्याचा. वासात मध, मेण, वाळवलेलं सफरचंद, कॅमोमाइलची फुलं. या वासावरून तोंडाला गोडाची अपेक्षा लागते, आणि जिभेवर येते ती कोरडी, आंबट कण्याची, शेवटाला बदामाच्या सालीसारखी किंचित कडवट वाईन. मद्यार्क बऱ्याच वर्षी चौदा टक्क्यांच्या वर जातो. बाटली आदल्या दिवशी उघडून ठेवा आणि बर्फगार करू नका, असा जोली यांचा सल्ला असतो. हवा लागत गेली तशी ती दोन-तीन दिवस उघडत राहते. तिच्यावर टीकाही आहे, आणि ती जाणकारांची आहे. एका वर्षाची वाईन दुसऱ्या वर्षाशी मेळ खात नाही, काही बाटल्या लवकर ऑक्सिडाइझ होतात, मद्यार्क जास्त वाटतो. ही टीका मला रास्त वाटते. हस्तक्षेप कमी ठेवायचा ठरवला की हवामानाचा चढउतार बाटलीत येणारच, आणि महागडी बाटली घेणाऱ्याने तो सोसावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आता इस्टेटीचं काम मुलगी व्हर्जिनी जोली पाहते.

‘सेंद्रिय वाईन’ या शब्दांमागे नेमकं काय असतं हेही सांगायला हवं. २०१२ पर्यंत युरोपात कायद्याने सेंद्रिय वाईन अशी गोष्टच नव्हती. ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाईन’ एवढंच लिहिता येत असे, तळघरासाठी सेंद्रियचे वेगळे नियम नव्हते. त्या वर्षी आलेल्या नियमाने तळघरही कक्षेत आलं. कोरड्या पांढऱ्या वाईनमध्ये सल्फाइटची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅमवरून सेंद्रियसाठी १५० वर आली. आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असंही कोणी समजू नये. डावणी हा बुरशीचा रोग रोखायला सेंद्रिय बागायतदाराच्या हाती मुख्यतः तांबंच असतं. आपला द्राक्ष बागायतदार ज्याला नुसतं ‘बोर्डो’ म्हणतो ते मोरचूद-चुन्याचं मिश्रण १८८० च्या दशकात फ्रान्सच्या बोर्दो भागातच डावणीवर उपाय म्हणून पुढे आलं. तांबं मातीत साठत जातं, गांडुळांना बाधतं. म्हणून युरोपने सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलोची मर्यादा घातली आहे. पावसाळी वर्षात एवढ्यात भागवताना सेंद्रिय बागायतदाराची झोप उडते. एवढं असूनही फ्रान्सच्या द्राक्षबागांपैकी जवळपास पाचवा हिस्सा आज सेंद्रिय किंवा त्या वाटेवर आहे.

आता आपल्या घरी येऊ. राजीव सामंत यांनी नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ १९९७ मध्ये वाईनची द्राक्षं लावली, आणि २००० साली त्यांच्या ‘सुला’ वाईनरीच्या ज्या पहिल्या वाईन आल्या त्यांत शेनिन ब्लाँ होती. तेव्हापासून ही जात नाशिकच्या पांढऱ्या वाईनचा कणा आहे. उन्हातही तिचा आंबटपणा टिकतो, म्हणून ती इथे रुजली. पण तिचं आयुष्य इथे वेगळं आहे. लुआरकाठी वेल हिवाळ्यात झोपते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की डावणीचं संकट फुलोऱ्यावर येतं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने केलेलं नुकसान नाशिककर विसरलेले नाहीत. अशा हवेत पूर्ण सेंद्रिय बाग ठेवणं साव्हनिएरपेक्षा खूप अवघड आहे, हे मी मान्य करतो. पण द्राक्षात रसायनांचे अंश उरण्याची किंमतही आपण मोजली आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतलं सीसीसी, त्याचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली. ते खाण्याचं द्राक्ष होतं, पण धडा वाईनच्या द्राक्षालाही लागू आहे.

माझी खरी खंत दुसरी आहे. आपल्याकडे वाईनचं द्राक्ष बहुतांशी करारावर पिकतं. दिंडोरीच्या हलक्या मुरमाड चढावरचा माल आणि काळ्या जमिनीतला माल वाईनरीच्या आवारात येतो, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, तपासला जातो, वजन होतं आणि बराचसा एकाच टाकीत जातो. बाटलीवर कंपनीचं नाव येतं, जातीचं येतं, गावाचं क्वचित. शेनिन ब्लाँमध्ये बऱ्याचदा थोडी साखर राखून ती गोडसरही केली जाते, त्यामुळे जागेचा उरलासुरला फरक झाकला जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तो टनावर विकतो, आणि टनावर विकणाऱ्याला एकरी दीड टन कधीच परवडणार नाही. २००८-०९ नंतरच्या मंदीत वाईनरींनी माल उचलला नाही तेव्हा नाशिक भागात अनेकांनी वाईनच्या वेली उपटल्या. ज्या बागेला नाव नव्हतं ती उपटताना कोणाचं काही अडलं नाही.

प्रयोग करायला आपला बागायतदार कधीच कचरलेला नाही. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने तासगाव भागातल्या द्राक्षवाल्यांना पान मोजायला, ऊन मोजायला, मुळाशी काय चाललंय ते पाहायला शिकवलं. वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश ही जात शेतातच निवडून काढली. ही माणसं चंद्र-ग्रहांकडे न बघता, स्वतःच्या बागेकडे बघून शिकली. एका जागेची वाईन करायला लागते ती हीच नजर, शिंगखत घाला किंवा नका घालू.

म्हणून नाशिकच्या वाईनरींना आणि त्यांच्याशी करार केलेल्या बागायतदारांना माझी विनंती आहे. पुढच्या गोडी छाटणीला शेनिन ब्लाँचा एक चांगला निचऱ्याचा, चढावरचा एकर वेगळा काढा. त्यावर तणनाशक मारू नका, माल निम्म्यावर ठेवा, दोन-तीन फेऱ्यांत काढा, वेगळ्या टाकीत कोरडी होईपर्यंत आंबवा, आणि बाटलीवर गावाचं नाव व सातबाऱ्यावरचा गट नंबर छापा. शेतकऱ्याला त्या एकराचे पैसे टनावर न देता एकरावर द्या. आणि वाचकहो, वाईन घेत असाल तर दुकानदाराला एकदा विचारा, हे द्राक्ष कोणत्या गावचं आहे. उत्तर मिळालं नाही तरी पुढच्या वेळी पुन्हा विचारा.